मुंबईहून पार्सल पाठवताना

गेल्या पावसाळ्यात ताईला रत्नागिरीला पोस्टाने चकल्या पाठवल्या. जेलपेनने लिहिलेला पत्ता भिजून पिनकोड पुसला गेला आणि पार्सल परत आलं. आत नुसता चुरा! फार वाईट वाटलं.

आता पत्ता बॉलपेनने कागदावर लिहिते, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावते. आत दुसरी चिठ्ठी ठेवते, तीही पत्त्याचीच. डबा कानाशी धरून हलवा. खडखडला तर मोकळ्या जागेत कागदाचे बोळे कोंबा.

रांगेत लागण्याआधी सर्व्हर चालू आहे का, ते विचारा. मी पाऊण तास उभी राहून पार्सलसकट घरी आलेय.

पावती खिडकीवरच वाचा. पिनचे ६ अंक बरोबर हवेत. स्पीड पोस्टचा नंबर अक्षरं आणि अंक मिळून १३ चा असतो. लगेच फोटो काढा, पावतीवरची शाई फिकी पडते.