ॲक्रिलिकच्या आकड्यांचं घड्याळ: सगळा खेळ कडेचा

या घड्याळात प्रत्येक आकडा वेगळ्या ॲक्रिलिक पट्टीवर कोरून पट्ट्या एकामागे एक उभ्या करायच्या आणि हव्या त्या आकड्याच्या पट्टीखालचे एलईडी पेटवायचे. त्यात कोड आणि वायरिंग हे किरकोळ काम. घड्याळ देखणं होतं की भिकार, ते ठरतं ॲक्रिलिकच्या कडेवर. खालच्या कडेतून शिरलेला उजेड पट्टीच्या गुळगुळीत अंगांवर आपटून आतच फिरत राहतो आणि कोरलेली रेघ सापडली की तिथूनच बाहेर पडतो.

शीट ३ मिमीची घ्या आणि 'कास्ट'च (साच्यात ओतलेली) मागा. एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) स्वस्त असते, पण लेझरने कोरल्यावर तिची रेघ हवी तशी दुधी होत नाही. पट्ट्या ४० नाही, २९ पुरतात: तासाच्या दशकाला ० ते २, मिनिटाच्या दशकाला ० ते ५, दोन्ही एककांना दहा-दहा.

लेझर नसेल तर आकड्याची प्रिंट पट्टीखाली चिकटवून मिनी ड्रिलने गिरवा. रेघ बारीकच ठेवा, कारण पुढच्या पट्टीवरची प्रत्येक रेघ मागच्या आकड्यावर जाळी धरते. म्हणूनच मी १, ७, ४ पुढे लावते. ८ आणि ० पार मागे. क्रम कसाही असो, कोडमध्ये एका ॲरेत (यादीत) लिहून टाकला की झालं.

करवतीने कापलेली खालची कड ४००, ८००, १२०० नंबरच्या वॉटर पेपरवर (ओला चालणारा पॉलिश पेपर) ओली घासा. कडेतून बघितल्यावर आत खोलवर स्वच्छ दिसलं पाहिजे. लेझरने कापलेली कड मुळातच चकचकीत असते, तिला हात लावू नका. आणि पुसायला स्पिरिट किंवा थिनर अजिबात नको, कडेला केसासारख्या चिरा पडतात. साबणाचं पाणी बास.

मीटरला १४४ एलईडी असलेली डब्ल्यूएस२८१२बी स्ट्रिप (हिचा प्रत्येक एलईडी कोडमधून वेगळा पेटवता येतो) पट्ट्यांखाली पुढून मागे अशी अंथरा, प्रत्येक घराला, म्हणजे वेळेतल्या चारपैकी प्रत्येक आकड्याच्या जागेला, दोन समांतर. दोन्हींवर छापलेले बाण एकाच दिशेला हवेत आणि डेटा दोघींना एकाच वायरीतून द्या. मग कोडला फक्त २९ दिवे दिसतात. एलईडींमधलं अंतर ६.९४ मिमी आहे. सोयीसाठी ७ धरलंत तर दहाव्या पट्टीपर्यंत अर्धा मिलिमीटर सरकतो. पट्ट्या बसवायला खाचा पाडलेली काळी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) थेट एलईडींच्या तोंडावर टेकवा, नाहीतर ५ लागल्यावर शेजारचा ६ पण भुतासारखा दिसतो.

बाकी: कोड चालवायला आर्डुइनो नॅनो बोर्ड, डेटा वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर, पॉवरवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वेळेसाठी डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल (त्याची एसडीए पिन नॅनोच्या ए४ला, एससीएल ए५ला). एका वेळी आठच एलईडी पेटतात, प्रत्येकी फार तर ६० मिलीॲम्पिअर, त्यामुळे ५ व्होल्ट १ ॲम्पिअरचा चार्जर चालतो. टेस्ट करताना मात्र सगळे एकदम पांढरे पेटवू नका, साडेतीन ॲम्पिअर मागतील.

नारिंगी उजेडासाठी रंगात निळा शून्य, लाल पूर्ण, हिरवा तिसरा हिस्सा ठेवा. रात्री ब्राइटनेस दहाव्या हिश्श्यावर आणा, खोलीत झोपायचंही असतं.