सेकंडहँड डिझेल गाडी घ्यायचीय, घरच्यांना आवडेल आणि चालवायलाही मजा येईल अशी

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, शोरूममध्ये आता अशी नवी डिझेल सेडान मिळतच नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस६ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं, फोक्सवॅगन-स्कोडाने लहान डिझेल इंजिनं गुंडाळली, फोर्डने तर सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादनच थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२३ मध्ये होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्नाचं डिझेलही संपलं. म्हणजे पाच माणसं आणि डिकीत चार बॅगा घेऊन घाटात तिसऱ्या गिअरवर आरामात खेचत जाणारी साधी डिझेल सेडान हवी असेल तर सेकंडहँड बाजाराशिवाय पर्याय नाही, आणि तिथे चांगल्या ठेवलेल्या गाड्या दरवर्षी कमी होत चालल्यात, त्यामुळे घाई न करता पण नीट माहिती घेऊन शोधायला लागा.

पहिला प्रश्न, डिझेल तुम्हाला खरंच लागतं का? ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि पेट्रोल-डिझेलमधलं पूर्वीचं ते मोठं अंतर गेलं. डिझेलचा सर्व्हिसिंगचा खर्च जास्त, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा) किंवा टर्बो (जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला तर एका फटक्यात मोठं बिल. तुमचं रनिंग महिन्याला हजार-बाराशे किमीच्या खाली असेल, आणि तेही घर ते ऑफिस चार-पाच किमी असं तुटक असेल तर बीएस६ डिझेल अजिबात घेऊ नका. त्यात डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी पकडणारा फिल्टर, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला एका वेगात बराच वेळ पळावी लागते, शहरात रखडत चालली की तो चोक होतो, दिवा लागतो, आणि मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू. लहान बीएस४ (म्हणजे त्याआधीच्या नियमांच्या) डिझेलमध्ये बहुतेक ठिकाणी हे प्रकरण नाही म्हणून जुन्या गाड्यांना अजून मागणी आहे. पण दर पंधरवड्याला गावाला जाणं होत असेल, पुणे-कोल्हापूर किंवा संभाजीनगर-नागपूर अशी धाव असेल, तर डिझेलसारखं सुख नाही.

आता मजा म्हणजे नक्की काय ते ठरवूया, कारण लोक हॉर्सपॉवर बघून फसतात. फॅमिली गाडीत मजा तीन गोष्टींत असते. एक, दीड-दोन हजार आरपीएमपासून (इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपासून) मिळणारा टॉर्क म्हणजे खेचण्याची ताकद, ज्यामुळे चढावर ट्रकच्या मागे अडकलात तरी एकदा पाय दाबला की गाडी सुटते. दोन, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, वळणात गाडी कुठे जाणार हे हातांना कळलं पाहिजे. तीन, मागच्या सीटवरची माणसं. हे तिसरं कुणी धरत नाही आणि तेच खरं महत्त्वाचं आहे, कारण मागे आईला मळमळायला लागलं की तुमची मजा तिथेच संपली. वळणात कमी झुकणारी, खड्ड्यावर एकदाच दबून शांत होणारी गाडी मागच्यांनाही सुखाची असते आणि चालवणाऱ्यालाही.

गाड्यांचं बोलायचं तर माझी पहिली पसंती फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडच्या १.५ टीडीआय डिझेलला आहे. ११० पीएस (हॉर्सपॉवर), २५० एनएम (टॉर्क), जड दारं, हायवेला शंभरच्या वर जमिनीला चिकटून पळते, मागे दोन मोठी माणसं छान बसतात (तिसऱ्याच्या पायात मधला बोगदा येतो). यात टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) आहे, चेन नाही, आणि तो ठरलेल्या अंतराला बदलावाच लागतो, तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. लाखाच्या आसपास रनिंग झालेली गाडी असेल आणि मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून तेवढे पैसे भावातून कमी करा. डीएसजी ऑटोमॅटिक चालवायला फार गोड, पण तो सात गिअरचा ड्राय क्लचवाला (क्लच ऑइलमध्ये नसलेला) बॉक्स आहे, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये झिजलेला निघाला तर खर्च मोठा. वॉरंटी नसताना मी तरी मॅन्युअलच घेईन. पोलोही तितकीच मजेदार पण मागची जागा अगदीच कमी, दोन मुलं लहान असतील तरच बघा.

व्हर्ना १.६ सीआरडीआय म्हणजे १२८ पीएस आणि २६० एनएम, सरळ रस्त्यावर या आकाराच्या गाड्यांत तिच्याइतकं वेगवान काही नाही आणि टायमिंग चेन असल्यामुळे बेल्टची कटकट नाही. पण २०११ ची ती फ्लुइडिक व्हर्ना जोरात पळवली की मागून तरंगते, स्टिअरिंगही पोकळ वाटतं, घाटात विश्वास बसत नाही. २०१७ नंतरची बरीच सुधारली आहे, घ्यायची तर तीच घ्या.

फोर्डचं १.५ टीडीसीआय १०० पीएसचं इंजिन अ‍ॅस्पायर, फिगो आणि इकोस्पोर्टमध्ये मिळतं, वजनाने हलक्या अ‍ॅस्पायर-फिगोमध्ये तर २१५ एनएमवर गाडी अक्षरशः उडते, आणि फोर्डचं स्टिअरिंग, त्याबद्दल काय बोलावं, ज्याने चालवलंय त्याला माहीत आहे. कंपनी इथे नव्या गाड्या विकत नसली तरी सर्व्हिस आणि पार्ट चालू आहेत, फक्त तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि बंपर, हेडलाइट असे बॉडी पार्ट किती दिवसांत येतात हे आधी फोन करून विचारा. यातही बेल्टच आहे, वरचाच नियम लागू.

सिटी १.५ आय-डीटेक ही घरच्यांची गाडी. मागे पाय पसरून बसा, डिकी ५१० लिटर, सहा गिअर, अ‍ॅव्हरेज उत्तम. इंजिनचा आवाज मात्र आत येतो आणि दामटायला ती बनलेलीच नाही. मारुतीची सियाज तशीच, जागा भरपूर, त्यात फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट आहे, ९० पीएस आणि २०० एनएम. हेच इंजिन कमी ताकदीत स्विफ्ट-डिझायरमध्ये होतं, गल्लीतल्या मिस्त्रीलाही ते पाठ आहे आणि पार्ट कुठेही मिळतात. पण दोन हजार आरपीएमच्या खाली ते झोपतं, घाटात गिअर नीट वापरता आला पाहिजे. २०१९ मध्ये सियाज आणि एर्टिगाला मारुतीचं स्वतःचं १.५ डिझेल काही महिने मिळालं होतं, ९५ पीएस आणि २२५ एनएमचं, ते खालून जास्त मोकळं आहे, दिसलं तर सोडू नका.

उंच गाडी हवी असेल तर महिंद्रा एक्सयूव्ही३०० चं डिझेल चालवून बघाच, ११७ पीएस आणि तब्बल ३०० एनएम, चारही चाकांना डिस्क, रुंद आणि वळणात पक्की, पण डिकी लहान आहे, सगळ्यांच्या बॅगा मावणार नाहीत. आणि मन मोठं असेल तर स्कोडा ऑक्टेव्हिया २.० टीडीआय, १४३ पीएस, ३२० एनएम. किमतीला आता नव्या हॅचबॅकएवढ्यात मिळते पण पार्ट आजही मोठ्या गाडीच्याच भावाने येतात, हे पक्कं डोक्यात ठेवून घ्या. (यातल्या किती गाड्या आपल्याकडेच बनल्या बघा, व्हेंटो-रॅपिड चाकणला, एक्सयूव्ही३०० नाशिकला, ऑक्टेव्हिया संभाजीनगरला.)

मॉडेल ठरलं म्हणजे अर्धंच काम झालं. दमलेली ऑक्टेव्हिया चालवण्यापेक्षा जपलेली डिझायर चालवायला जास्त मजा येते, सस्पेन्शन, टायर आणि क्लच यांची जी अवस्था असते तीच तुम्हाला स्टिअरिंगवर जाणवते, म्हणून एकाच मॉडेलच्या तीन-चार गाड्या बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर का गरम केली ते विचारा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागलं पाहिजे. मग धूर बघा. जोरात रेस केल्यावर थोडा काळा धूर जुन्या डिझेलला चालतो, पण निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर नोझल किंवा हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा, हलकी वाफ ठीक, पण भकाभक धूर फेकत असेल तर रिंग-पिस्टन थकलेत, नमस्कार करून निघा. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपला ऑइलचा चिकट थर जास्त असेल तर टर्बोकडे बघायला सांगा. कूलंटच्या डब्यात तेलकट तवंग नको.

टेस्ट ड्राइव्ह कॉलनीला चक्कर मारून होत नाही. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, नाशिकला कसारा, कोल्हापूरला पन्हाळ्याचा रस्ता, जवळ जो चढ असेल तिथे न्या, आणि घरच्या दोघांना मागे बसवा, रिकाम्या गाडीत सगळंच छान वाटतं. चढावर तिसऱ्यात कमी आरपीएमवरून पूर्ण पाय द्या, आरपीएम वर गेला आणि वेग त्या मानाने वाढला नाही तर क्लच घसरतोय. टर्बोची बारीक शिट्टी चालेल, सायरनसारखा आवाज नको. गाडी बंद करताना खालून खडखड आली किंवा क्लच पेडल थरथरलं तर ड्युअल मास फ्लायव्हीलबद्दल (क्लचजवळचं, इंजिनचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक) विचारा, बऱ्याच जास्त टॉर्कच्या डिझेलमध्ये तो असतो आणि क्लचसकट बदलायचा म्हणजे चांगलाच खर्च. उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. खराब रस्त्यावर काचा बंद, टेप बंद, आणि कान द्या, टकटक म्हणजे लिंक रॉड किंवा बुश (सस्पेन्शनचे लहान पार्ट), धाडधाड म्हणजे शॉकअप. हे सगळं दुरुस्त होतं, त्यामुळे यासाठी गाडी सोडायची गरज नाही, फक्त भाव त्याप्रमाणे पाडा, आणि खरं तर नवे शॉकअप, बुश आणि चांगले टायर टाकले की लाखभर पळालेली गाडीही परत तरुण होते.

टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही छान दिसू द्या, सहा-सात वर्षांपूर्वीचे टायर असतील तर बदलायचेच, समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि तिथल्या उन्हात म्हाताऱ्या रबरावर घरच्यांना घेऊन जायचं नाही.

मीटर मागे केलेल्या गाड्या डिझेलमध्ये सगळ्यात जास्त, कारण डिझेल पळतंच. सात वर्षांची गाडी आणि रनिंग चाळीस हजार असेल तर स्टिअरिंगची झिजून आलेली झळाळी, क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची कड बघा, आणि सर्व्हिस सेंटरची हिस्टरी मागा. बिलं असलेली लाख-सव्वा लाख पळालेली गाडी मी बिनबिलाच्या पन्नास हजारवालीपेक्षा कधीही आधी घेईन. स्कॅनर लावणारा मिस्त्री सोबत न्या, जुने एरर आणि डीपीएफ किती भरलाय हे त्यात कळतं.

पुराच्या गाडीपासून सांभाळा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, पाणी उतरल्यावर अशा गाड्या धुवून-पुसून लांबच्या शहरात विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, तळाशी चिखलाची रेघ दिसते, सीटच्या खालचे नटबोल्ट आणि डिकीतली स्टेपनीची जागा गंजलीय का बघा, कार्पेट उचलून वास घ्या.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर कोर्टाचे निर्बंध आले आणि लोकांनी गाड्या बाहेर काढल्या. गाडी चांगली असू शकते, पण तिकडची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, एजंटची फी, सगळं मिळवून मग एमएच गाडीच्या भावाशी तुलना करा, बहुतेक वेळा फरक उरत नाही.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर बघून घ्या, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. बाकी राहिलेली चलनं विकणाऱ्याने भरायची. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागलीय का बघा. इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्यात थोडी भर पडेल ती धरून ठेवा.

बजेटमधले पन्नास-साठ हजार बाजूला ठेवूनच गाडी घ्या. आणल्या आणल्या इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, बेल्टवाली असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच, कारण खोलायची मजुरी एकच लागते. अलाइनमेंट करून घ्या, आणि पहिले काही आठवडे लांब न जाता जवळपास चालवून काय काय गळतंय, वाजतंय ते लिहून ठेवा, मग एकाच वेळी गॅरेजला द्या.