परदेशातलं एक सेमिस्टर: क्रेडिट पदरात पाडून घ्यायचे असतील तर

एका सेमिस्टरसाठी परदेशी निघालेल्यांची सगळी धावपळ व्हिसा आणि तिकिटामागे असते. परतल्यावर मात्र घोडं अडतं ते क्रेडिटपाशी, म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल पदवीच्या हिशोबात धरल्या जाणाऱ्या एककांपाशी. तिकडे पाच विषय उत्तीर्ण, इकडे मान्य तीनच, आणि उरलेल्या दोन विषयांपायी पदवी लांबते. याचं मूळ निघण्याच्या तीन-चार महिने आधी केलेल्या विषयनिवडीत असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी आपल्या विभागाकडून लेखी घ्या: त्या सेमिस्टरमधले सक्तीचे विषय कोणते, ऐच्छिक कोणते आणि बाहेरून जास्तीत जास्त किती क्रेडिट आणता येतात. सक्तीच्या विषयाला तंतोतंत जोड मिळणं कठीण असतं, ऐच्छिकाला सोपं. त्यामुळे जायचं नक्की होताच ऐच्छिक विषय राखून ठेवा आणि सक्तीचे आधी उरकून घ्या.

मग तिकडच्या विद्यापीठाचं कॅटलॉग उघडा. विषयाचं नाव बघून हुरळून जाऊ नका, पान पूर्ण वाचा. विषय तुमच्याच सत्रात शिकवला जातो का, पूर्वअट काय, मूल्यमापन परीक्षेवर की प्रकल्पावर, एक्स्चेंज विद्यार्थ्यांना तो खुला आहे का, हे तपासा. भाषा दोनदा तपासा: व्याख्यानं इंग्रजीत आणि परीक्षा स्थानिक भाषेत, असंही कुठे कुठे असतं. गरजेपेक्षा दोन-तीन विषय जास्तीचे मंजूर करून घ्या. तिकडे गेल्यावर दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात किंवा वर्ग भरलेला असतो, तेव्हा हेच उपयोगी पडतात.

जुळवणीचा अर्ज, म्हणजे तिकडचा विषय इकडच्या विषयाऐवजी धरावा असा आपल्या विद्यापीठाकडे केलेला अर्ज, फेटाळला जातो तो बहुतेकदा तासांच्या गोंधळामुळे. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाचे 60, म्हणजे सेमिस्टरचे 30 क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. त्यात व्याख्यान, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. ब्रिटनमध्ये वर्षाचे 120 क्रेडिट, म्हणजे तिथले दोन बरोबर ईसीटीएसचा एक. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण 15. तिथला एक म्हणजे ढोबळमानाने दोन ईसीटीएस. आता समजा, आपल्याकडे चार क्रेडिटच्या विषयाला वर्गाचे 60 तास लागतात आणि तिकडच्या 6 ईसीटीएसच्या विषयाच्या पानावर ‘व्याख्यान 45 तास’ एवढंच दिसतं. अर्ज तपासणारी समिती 45 आणि 60 समोरासमोर ठेवते आणि नकार कळवते. म्हणून अर्जातच लिहा: एकूण काम 150 ते 180 तास, पैकी व्याख्यान 45, बाकी ट्युटोरियल, प्रकल्प आणि स्वाध्याय. सोबत दोन्हीकडचा आठवडावार अभ्यासक्रम एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. समितीच्या सदस्याला दोन पीडीएफ चाळायला लावलंत, तर तो ‘नाही’ म्हणून मोकळा होईल.

इरॅस्मस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत याच कामासाठी लर्निंग अॅग्रीमेंट, म्हणजे विषय आणि क्रेडिट आधीच ठरवणारा करार असतो. त्यावर विद्यार्थी, आपलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ, अशा तिघांच्या सह्या लागतात. तुमची योजना वेगळी असली तरी तसाच कागद बनवून घ्या. ‘परत या, मग बघू’ या तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नसते. समन्वयक मध्येच बदलला तर तेवढीही नाही.

गुण कसे बदलून लागतात, हेही आत्ताच विचारा. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 ला उत्तीर्ण आणि 14 म्हणजे चांगली श्रेणी, ब्रिटनमध्ये 70 ला प्रथम वर्ग, जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 च्या पुढे नापास. सरळ टक्केवारी काढणाऱ्या कार्यालयात फ्रान्समधले चांगले 14 नुसते 70 टक्के होऊन बसतात. जर्मन विद्यापीठं परदेशी गुणांसाठी एक सूत्र वापरतात: 1 अधिक 3 गुणिले (कमाल वजा मिळालेले) भागिले (कमाल वजा उत्तीर्णतेचे). त्यात फ्रान्सचे 14 टाकले तर 2.8 येतात. आपल्या विद्यापीठात फक्त ‘उत्तीर्ण’ अशी नोंद करून घेण्याची सोय असेल, तर सरासरी जपणाऱ्याने ती जरूर घ्यावी.

तारखांचा ताळमेळ

जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर 1 ऑक्टोबरला सुरू होऊन 31 मार्चला संपतं. व्याख्यानं फेब्रुवारीत थांबतात आणि बऱ्याच परीक्षा त्यानंतर असतात. आपल्याकडचं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल, तर सरळ टक्कर. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियात साधारण फेब्रुवारीअखेर. परतीचं तिकीट काढण्याआधी शेवटच्या पेपरची आणि फेरपरीक्षेची तारीख बघा. फेरपरीक्षा तुम्ही परतल्यावर येत असेल, तर ती दुरून देता येते का, हे त्या विषयाच्या प्राध्यापकांना ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

व्हिसा आणि पत्ता

शेंगेन देशांमध्ये, म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांमध्ये, अल्पमुदतीचा मुक्काम कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांचाच, त्यामुळे सेमिस्टरला तो पुरत नाही. दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम अभ्यागत म्हणून करता येतो, पण त्यावर काम करता येत नाही आणि तिथल्या तिथे विद्यार्थी व्हिसात बदलूनही मिळत नाही. दुसरं सेमिस्टर जोडण्याची पुसटशी शक्यता असेल, तर पहिल्यापासूनच विद्यार्थी व्हिसा घेणं शहाणपणाचं. जपानसाठी पात्रता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा अर्ज सहसा तिकडचं विद्यापीठच करतं. त्यात एक ते तीन महिने जाऊ शकतात; तेव्हा त्यांनी मागितलेले कागद त्याच आठवड्यात पाठवा. जन्मदाखला किंवा गुणपत्रकावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागणार असेल, तर ते निघण्याआधीच करून घ्या, कारण कागद ज्या देशाने दिला तिथेच ते मिळतं.

राहण्याची जागा ठरवताना भाड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न: या पत्त्यावर नोंदणी होईल का? जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेलं पत्र लागतं. थोड्या दिवसांसाठी पोटभाड्याने खोली देणारे ते द्यायला कां-कू करतात. पत्राविना नोंदणी नाही, आणि नोंदणीविना निवास परवान्यापासून बँकेपर्यंत बरीच कामं अडतात. अनामत भरण्याआधी ‘पत्र देऊ’ एवढी एक ओळ मेसेजवर लिहून घ्या. जपानमध्येही घर ठरल्यापासून 14 दिवसांत नोंदणी लागते.

मोबाइलचं एक काम लोक हमखास विसरतात. बँकेचे ओटीपी जुन्या नंबरवर येतात. तो बंद पडला तर स्वतःच्याच खात्याबाहेर ताटकळत बसावं लागतं. जुनं सिम रोमिंग चालू करून दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा, नवं ई-सिम घ्या. कार्ड मशीनने ‘तुमच्या चलनात पैसे भरायचे का?’ असं विचारलं, तर स्थानिक चलन निवडा. तुमच्या चलनाचा दर मशीनवाला लावतो आणि तो सहसा महागच पडतो.

पोचल्यावरचे पहिले तीन आठवडे

विषय बदलण्याची मुदत याच काळात संपते. वेळापत्रक हाती येताच टक्कर तपासा. विषय बदलला तर दोन्हीकडची मंजुरी त्याच आठवड्यात मिळवा. नंतर मागितलेली मंजुरी म्हणजे उपकार, आणि उपकाराची खात्री नसते. जर्मनी, इटलीसारख्या ठिकाणी वर्गाला बसणं वेगळं आणि परीक्षेसाठी नाव नोंदवणं वेगळं. सेमिस्टरभर नेमाने वर्गाला जाऊनही नोंदणीची तारीख चुकली, की पेपर देता येत नाही. त्या तारखा पहिल्या दिवशीच फोनवर टाका, आठवडाभर आधीच्या आठवणीसह.

अभ्यासक्रमाची पत्रकं, सोडवलेल्या असाइनमेंट, प्रकल्पाचा अहवाल, सगळं सेमिस्टरभर उतरवून ठेवा. बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर संपताच लॉगिन बंद होतं, आणि समितीने नंतर ‘नेमकं काय शिकलात?’ असं विचारलं तर दाखवायला हातात काही राहत नाही.

निघण्याआधी ग्रंथालयाची पुस्तकं परत करा आणि थकीत रकमा भरा; किरकोळ दंडासाठीही गुणपत्रक अडकू शकतं. ते थेट आपल्या विद्यापीठाला पाठवण्याचा अर्ज स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. पत्त्याची नोंद रद्द करा, खोलीचे फोटो काढा. तिकडचं बँक खातं मात्र अनामत रक्कम जमा होईपर्यंत बंद करू नका.