गाईच्या सीरमशिवाय एमएससी: पहिली नाळ दारात येण्याआधीची तयारी

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमध्ये नवी सेल थेरपी लॅब उभी राहते तेव्हा सगळ्यांचं लक्ष क्लीनरूमच्या पॅनेलवर आणि हूडच्या मॉडेलवर असतं. बाळाच्या नाळेतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल स्टेम सेल (मूळ पेशी), म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एमएससी, प्राणिजन्य घटकांशिवाय वाढवायच्या असतील तर सगळ्यात आधी खरेदीची फाइल उघडा. पेशी वाढवायला खाद्य म्हणून घालतात ते गाईच्या गर्भाचं सीरम, म्हणजे एफबीएस, बंद केलं की काम झालं असं धरून चालणाऱ्यांच्या फ्रिजमध्ये डुकराचं ट्रिप्सिन, डुकराच्या आतड्यातलं हेपॅरिन आणि बैलाच्या वृषणातलं हायल्युरोनिडेज बिनदिक्कत बसलेलं असतं.

हा आटापिटा कशासाठी, हे टीममधल्या प्रत्येकाला, अगदी स्टोअर सांभाळणाऱ्यालाही, माहीत हवं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला होता की एफबीएसमध्ये वाढवलेल्या १० कोटी एमएससींबरोबर ७ ते ३० मिलिग्रॅम वासराची प्रथिनं जातात. १० कोटी पेशी म्हणजे साधारण एका प्रौढ रुग्णाचा डोस. ही प्रथिनं पेशींच्या आतही शिरलेली असतात, त्यामुळे शेवटी तीन वेळा धुऊन ती निघत नाहीत. रुग्णाच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि दुसऱ्या, तिसऱ्या डोसला त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून ‘सुरुवात एफबीएसवर करू, पी२ पासून (दुसऱ्या पॅसेजपासून, म्हणजे पेशी दुसऱ्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यापासून) बदलू’ ही तडजोड आम्ही मान्य करत नाही. पहिल्या फ्लास्कपासून एकच पद्धत हवी.

आता लेबलं. ‘सीरम-फ्री’ मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रावणात) गाईचं अल्ब्युमिन असू शकतं. ‘झेनो-फ्री’ म्हणजे माणसाव्यतिरिक्त दुसऱ्या प्राण्याचं काही नाही, पण मानवी रक्तातले घटक चालतात. ‘अ‍ॅनिमल कंपोनंट-फ्री’ त्याहून कडक. त्यातही पुरवठादाराला विचारावं की रिकॉम्बिनंट (जनुक घालून बनवलेलं) प्रथिन ज्या जिवाणूत बनवलं त्याला खाद्य काय दिलं होतं, कारण दुधातलं केसीन तिथून मागच्या दाराने येतं. ‘केमिकली डिफाइन्ड’ म्हणजे प्रत्येक घटक आणि त्याचं प्रमाण माहीत असणं. ऑर्डर देण्याआधी यातलं आपल्याला नेमकं काय हवं ते लिहून ठेवा. प्रत्येक कॅटलॉग नंबरसाठी विश्लेषण प्रमाणपत्र, उगमाचं प्रमाणपत्र आणि बीएसई-टीएसई (मॅड काऊसारख्या रोगांबाबतचं) निवेदन, ही तिन्ही कागदं आल्याशिवाय माल स्टोअरमध्ये ‘स्वीकृत’ होऊ देऊ नका. नजरेतून सुटणाऱ्या वस्तू ठरलेल्या आहेत: डीएनेज, सेल सॉर्टिंगच्या बफरमधलं अल्ब्युमिन, फ्लास्कवर चढवायचं जिलेटिन, टॅलोपासून (गुरांच्या चरबीपासून) बनलेलं पॉलिसॉर्बेट आणि फ्रीझिंगचं तयार द्रावण. पेशींवरचे मार्कर (ओळखीची प्रथिनं) मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीच्या अँटिबॉडी उंदराच्या असल्या तरी हरकत नाही, ज्या पेशींवर त्या लावतो त्या रुग्णाकडे परत जात नाहीत.

एफबीएसच्या जागी बहुतेक जण ह्युमन प्लेटलेट लायसेट (मानवी प्लेटलेट फोडून मिळणारा द्रव) घेतात, आणि आमच्या मतेही सुरुवातीला तोच शहाणपणाचा मार्ग आहे. मीडियात ५ ते १० टक्के पुरतो, पेशी एफबीएसपेक्षा लवकर वाढतात आणि फ्लास्कला वेगळं कोटिंग बहुधा लागत नाही. पूर्ण सीरम-फ्री मीडिया घेतला तर रिकॉम्बिनंट व्हिट्रोनेक्टिन किंवा फायब्रोनेक्टिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाचा थर बहुधा द्यावा लागतो, नाहीतर पेशी तळाला धरत नाहीत.

लायसेटची खरी अडचण फायब्रिनोजेनची, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या प्रथिनाची. बेसल मीडियातलं कॅल्शियम त्याला भेटलं की काही तासांत बाटलीत जेलीसारखा गोळा होतो. तो टाळायला लिटरमागे २,००० युनिट, म्हणजे मिलिलिटरला २ युनिट, हेपॅरिन (गुठळी रोखणारं औषध) घालण्याची जुनी रीत आहे. पण बाजारातलं नेहमीचं हेपॅरिन डुकराचं असतं, म्हणजे झेनो-फ्री म्हणवणाऱ्या मीडियात आपणच प्राणी आणून सोडतो. शिवाय प्रमाण वाढलं तर ते पेशींची वाढही मंदावतं. त्यापेक्षा फायब्रिनोजेन आधीच काढलेला लायसेट मागवा. घरीच करायचा असेल तर लायसेटमध्ये कॅल्शियम क्लोराइड घालून गुठळी मुद्दाम होऊ द्यावी, ती फोडून सेंट्रिफ्यूजने खाली बसवावी आणि वरचं निवळ घ्यावं. फ्रीझरमधली बाटली रात्रभर २ ते ८ अंशांवर विरघळवावी. तळाशी साका दिसला तर तो आधी सेंट्रिफ्यूज करावा. तसाच गाळायला घेतला तर ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर पहिल्या ५० मिलिलिटरमध्येच तुंबतो. एकदा विरघळलेला लायसेट पुन्हा गोठवायचा नाही, म्हणून एका वेळेला लागतील तेवढे भाग पहिल्यांदा गोठवण्याआधीच पाडलेले असावेत.

लायसेट स्वतः बनवायचा असेल तर परवानाधारक रक्तकेंद्राशी लेखी करार लागतो. मुदत संपलेल्या प्लेटलेट उणे ८० अंशांवर गोठवून ३७ अंशांवर विरघळवायच्या, असं दोन-तीनदा करायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये ३,००० ते ४,००० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची पट) अर्धा तास फिरवून आधी ०.४५ आणि नंतर ०.२२ मायक्रॉनमधून गाळायचं. एकेका दात्याचा लायसेट वेगळा वागतो, म्हणून अनेक दात्यांचा एकत्र करावा. इथे आपल्या भागाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर ठाणे-नवी मुंबईत डेंग्यू वाढतो, प्लेटलेटची मागणी चढते आणि मुदत संपून उरलेल्या पिशव्या मिळेनाशा होतात. वर्षाचा साठा मेअखेर करून ठेवावा. दुसरं, रक्तकेंद्रात एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या बंधनकारक आहेत, डेंग्यूची नाही. विषाणू निष्क्रिय करण्याची पायरी नसलेला लायसेट रुग्णाच्या कामाला घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लॉट बदलण्याआधी नवा आणि जुना लायसेट शेजारी शेजारी किमान दोन दात्यांच्या पेशींवर, दोन पॅसेज चालवून बघा. दुप्पट व्हायला लागणारा वेळ, पेशींचा आकार आणि मार्कर तिन्ही जुळले तरच तो लॉट राखून ठेवायला सांगा. आयात माल असेल तर सहारच्या एअर कार्गोत अडकण्याची वेळ धरून ड्राय आइस पुन्हा भरण्याची सोय आधीच ठरवा.

फ्लास्कच्या तळापासून पेशी सोडवायला ट्रिपएलई (प्राणिजन्य नसलेलं एन्झाइम) किंवा रिकॉम्बिनंट ट्रिप्सिन ठेवा. लायसेटवर वाढलेल्या एमएससी बारीक, लांबट असतात आणि तळाला हलक्या धरतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा धुऊन ३७ अंशांवर ३ ते ५ मिनिटं पुष्कळ होतात. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल झाल्या की फ्लास्कच्या कडेवर हलकी टिचकी द्या. सीरम नसल्यामुळे एन्झाइम आपोआप थांबत नाही. मीडिया किंवा पीबीएस भरपूर घालून ते पातळ करायचं आणि ३०० जीवर ५ मिनिटं फिरवून काढून टाकायचं. फ्लास्क ७० ते ८० टक्के भरला की त्याच दिवशी पॅसेज करावा. एक दिवस लोटला तर पेशींची अख्खी चादर सुटून मीडियात तरंगू लागते आणि ती फोडताना निम्म्या मरतात.

प्लास्टिकचा हिशोब कागदावर करून मगच मागवा. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे २० लाख पेशी म्हणजे १२ कोटी. चौरस सेंटिमीटरला २०,००० पेशी मिळतील असं धरलं तर ६,००० चौरस सेंटिमीटर जागा लागते: टी-१७५ चे (१७५ चौरस सेंटिमीटर तळाचे) ३५ फ्लास्क किंवा दहा थरांची एक सेल फॅक्टरी, म्हणजे एकावर एक तळ असलेलं बंद भांडं. पेरणी चौरस सेंटिमीटरला ३,००० ने केली तर सुमारे १.९ कोटी पेशी हाताशी हव्यात. दहा थरांना एका वेळी दीड लिटरच्या आसपास मीडिया, म्हणजे ५ टक्क्यांनी ७५ मिलिलिटर लायसेट, आणि मीडिया दर तीन-चार दिवसांनी बदलायचा. चाचण्यांसाठी आणि गोठवताना होणाऱ्या घटीसाठी वर ३० टक्के धरा.

नाळेसाठी ज्या प्रसूतिगृहाशी बोलणं झालं आहे तिथे निर्जंतुक डबे, संमतीपत्रं आणि आईच्या रक्ततपासणीच्या नळ्या आधीच पोचलेल्या असाव्यात. संमती प्रसूतीच्या कळा सुरू होण्यापूर्वी, शांतपणे घ्यावी. कळांमध्ये घेतलेली सही आम्ही संमती मानत नाही. घोडबंदर रोडवरून महाप्याला यायला किती वेळ लागेल हे संध्याकाळी कुणीच सांगू शकत नाही, म्हणून डबा २ ते ८ अंशांवर, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरसह यावा आणि आइसपॅक नाळेला थेट टेकू नये, कारण तिथला भाग गोठून मरतो. एन्झाइमचा प्रश्नच टाळायचा असेल तर एक्सप्लांट पद्धत घ्या: दोन धमन्या आणि एक शीर सोलून काढायची, व्हार्टन्स जेलीचे (नाळेतल्या जेलीसारख्या गराचे) २-३ मिलिमीटरचे तुकडे कोरड्या फ्लास्कवर मांडायचे, दहा-पंधरा मिनिटं चिकटू द्यायचे आणि मग कडेने अगदी थोडा मीडिया सोडायचा. जास्त ओतला की तुकडे तरंगतात आणि त्यांच्यातून पेशी बाहेर येत नाहीत.

पावसाळ्याची तयारी वेगळी करावी लागते. पुठ्ठ्याचा एकही खोका एअरलॉकच्या आत जाऊ नये. ओलसर पुठ्ठा म्हणजे बुरशीचं घर. एचव्हीएसीला (खोलीची हवा सांभाळणाऱ्या यंत्रणेला) खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवता येते का, हे जुलैत तपासा, जानेवारीतल्या चाचणीवर विसंबू नका. गोठलेलं विरघळवायला वॉटर बाथऐवजी कोरडं थॉइंग यंत्र वापरा. इनक्युबेटरच्या तळातलं पाणी दर आठवड्याला निर्जंतुक पाण्याने बदला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आजूबाजूला रासायनिक कारखाने असतील तर बाष्पशील द्रव्यं अडवणारा कार्बन फिल्टर इनक्युबेटरला बसवून घ्या. यूपीएस, जनरेटर आणि उणे ८० च्या फ्रीझरचा मोबाइलवर येणारा अलार्म, तिन्हींची चाचणी खरोखर मेन स्विच पाडूनच करावी.

चाचण्यांची वेळ आधीच जोडून ठेवा. स्टेरिलिटीला (जंतू नाहीत ना या चाचणीला) १४ दिवस, मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूच्या कल्चरला २८ दिवस लागतात. पीसीआर लवकर होते, पण तिची पद्धत प्रमाणित केलेली हवी. नमुन्यात पेशी आणि वापरलेला मीडिया दोन्ही द्या. अँटिबायोटिक मायकोप्लाझ्मा झाकतात, म्हणून ती पी० नंतर (पहिल्या पॅसेजआधीचा टप्पा संपला की) बंद. पेनिसिलिन तर अ‍ॅलर्जीमुळे मुळातच नको. आयएससीटी या पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००६ च्या निकषांप्रमाणे सीडी१०५, सीडी७३, सीडी९० हे मार्कर किमान ९५ टक्के पेशींवर हवेत आणि सीडी४५, सीडी३४, सीडी१४, सीडी१९, एचएलए-डीआर कमाल २ टक्के पेशींवर. लायसेटवर एचएलए-डीआर कधी कधी चढतं, त्या वेळी काय करायचं ते एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहिलेलं असू द्या. गोठवण्यासाठी १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव्य) आणि मानवी अल्ब्युमिन, मिनिटाला १ अंश या वेगाने थंड करणं आणि द्रव नायट्रोजनच्या वाफेत साठवण. पी५ च्या पुढच्या पेशी रुग्णासाठी ठेवू नयेत.

परवानग्यांचं काम तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं करू नका. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेची स्टेम सेल समिती आणि एथिक्स समिती लागते, आणि २०१९ च्या औषध चाचणी नियमांखाली सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियामक संस्थेची) परवानगी मिळाल्याशिवाय या पेशी रुग्णाला देता येत नाहीत. चाचणीतल्या रुग्णाकडून पैसेही घेता येत नाहीत.

सगळं जागेवर आलं की पहिली नाळ सोमवारी येईल असं बघा. तुकडे मांडल्यावर चार दिवस फ्लास्क अजिबात हलवायचा नाही, म्हणजे पहिला मीडिया बदल शुक्रवारी, पूर्ण टीम हजर असताना होतो, आणि साधारण दोन आठवड्यांनी येणारा पहिला पॅसेजही आठवड्याच्या मधल्या दिवसांतच बसवता येतो.