कृष्णधवल निसर्गछायाचित्र कसं पाहावं: आधी छटा, मग जागा

डोंगराचं किंवा किनाऱ्याचं छायाचित्र समोर आलं की आपण आधी विचारतो, ‘हे कुठलं?’ नाव कळलं की नजर पुढच्या चित्राकडे सरकते. कृष्णधवल चित्रांच्या बाबतीत हा क्रम उलटा करून पाहा. जागेचा प्रश्न शेवटी ठेवा आणि काळं, पांढरं आणि त्यांच्या मधलं सगळं करडं कसं मांडलं आहे ते आधी बघा. जागा विसरायची नाही, तिला फक्त थोडा वेळ थांबवायचं.

सरावासाठी मी एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराची वाळूच्या टेकड्यांची चित्रं सुचवेन. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ओशिआनो नावाचं गाव आहे. तिथल्या टेकड्या वेस्टनने १९३६ साली आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर टिपल्या. प्रिंटही तेवढ्याच आकाराचे, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले. या मालिकेतल्या बऱ्याच चित्रांत माणूस नाही, झाड नाही, काहींत क्षितिजही नाही. ओळखीचं काही हाताला लागत नाही, म्हणून शिकायला ही चित्रं फार चांगली. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती सहज सापडतात. त्यातलं एकच निवडा.

डोळे किलकिले करा, मग चित्र उलटं करा

डोळे अर्धवट मिटले की बारकावे पुसले जातात आणि मोठे तुकडे उरतात: एक गडद, एक उजळ, मधला एखादा करडा. फोनवर असाल तर चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, तोच परिणाम मिळतो. आता कागदावर एक चौकट काढा आणि पेन्सिलीने फक्त हे तीन-चार तुकडे भरा. चित्रकला येण्याची गरज नाही. सगळ्यात मोठा तुकडा कुठला, तो चौकटीच्या कुठल्या कडेला टेकला आहे, सगळ्यात लहान तुकडा कुठे अडकला आहे, एवढंच टिपायचं. चित्राचा सांगाडा या रेखाटनात उतरतो.

मग मूळ चित्र उलटं फिरवा. हा उपाय विचित्र वाटला तरी वेस्टनच्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यांत तो आपोआपच घडत होता. त्या कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर दृश्य खालचं वर होऊन पडतं. काळं कापड डोक्यावर घेऊन छायाचित्रकार ते उलटं चित्रच न्याहाळत असे. उलट्या चित्रात टेकडी टेकडी राहत नाही, तिचं वजन आणि तिचा कल तेवढा दिसतो. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने १९२२पासून न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज इथे ढगांची चित्रं घेतली. त्यातल्या अनेकांत जमीनच नाही, त्यामुळे वर कुठलं आणि खाली कुठलं हे ढगांवरून सांगताच येत नाही. उलटं केल्यावरही ज्या चित्राचा तोल टिकतो, त्याची रचना पक्की आहे असं मी मानते.

कडांवरून नजर फिरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन छटा जिथे भेटतात ती रेघ कशी आहे? सुरीने कापल्यासारखी, की हळूहळू विरघळत जाणारी? वाळूच्या टेकडीत या दोन्ही तऱ्हा एकमेकींना खेटून असतात, आणि त्यामागे वाऱ्याचं काम आहे. वारा ज्या बाजूने येतो तो उतार मंद असतो. माथ्यापलीकडे वाळू घसरून पडते आणि सुमारे ३३-३४ अंशांच्या कोनात स्थिरावते. कोरडी सुटी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकत नाही. दोन उतार माथ्यावर भेटतात तिथे धार तयार होते. सूर्य खाली असताना एक बाजू उजळते, दुसरी काळी पडते, आणि ती धार चित्रात एक अखंड वळणदार रेषा होऊन येते.

त्या रेषेवरून बोट फिरवल्यासारखी नजर न्या. ती कुठे वेग घेते, कुठे रेंगाळते, चौकटीबाहेर कुठून जाते? मग धार सोडून मंद उताराकडे या. तिथे रेघच नाही. उजळ करडा अगदी सावकाश गडद होत जातो आणि तो नेमका कुठे बदलला हे दाखवता येत नाही. सपाट कागदावर गोलाई जाणवते ती या सावकाश उतरणाऱ्या छटेमुळे. डोळा कठोर धारेवर आधी जातो, पण रमतो या विरघळणाऱ्या भागात. घाई केली तर फक्त धार दिसेल.

वाळूवरच्या बारीक लाटाही बघा. भर दुपारी त्या जवळजवळ नाहीशा होतात. तिरप्या उन्हात प्रत्येक लाटेला स्वतःची सावली मिळते आणि सपाट वाटणाऱ्या उतारावर पोत उमटतो. म्हणजे चित्रातला पोत वाळूइतकाच सूर्याच्या उंचीचा आहे. इथे आणखी एक गंमत होते: मोजायला माणूस किंवा झुडूप नसलं की समोरचा उतार पंधरा मीटरचा आहे की पंधरा सेंटिमीटरचा, हे ठरवता येत नाही. त्या अनिश्चिततेत थोडं थांबा. अमूर्त आकाराचा आनंद तिथेच सुरू होतो.

करड्यातले फरक ओळखा

अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ मांडली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा टप्पे. पाचवा टप्पा मधला करडा, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग. तिसऱ्या टप्प्याला गडद भागातही पोत दिसतो. शून्यावर काहीच दिसत नाही. ही पद्धत छायाचित्र काढणाऱ्यांसाठी होती, पण पाहणाऱ्यालाही तिचा उपयोग आहे. चित्रात निखळ काळं कुठे आहे ते शोधा. किती जागा व्यापली आहे? निखळ पांढरं कुठे? बऱ्याच चांगल्या चित्रांत ही दोन टोकं अगदी थोड्या जागेत असतात आणि बाकीचा सगळा कारभार मधल्या टप्प्यांत चालतो.

डोळा इथे फसतो, कारण काळ्याशेजारचा करडा उजळ भासतो आणि पांढऱ्याशेजारचा तोच करडा गडद. काळ्या कार्डाचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाला पंचिंग मशीनने एक भोक पाडा आणि ती भोकं चित्रातल्या दोन वेगळ्या जागांवर ठेवा. आजूबाजूचं झाकलं गेलं की वेगळ्या वाटलेल्या छटा पुष्कळदा एकच निघतात. ‘चकाकणारी’ वाळू प्रत्यक्षात मध्यम करडी असते आणि शेजारच्या सावलीने तिला उजेड दिलेला असतो. हे एकदा दिसलं की चित्राकडे पाहण्याची सवयच बदलते.

फोनवरचे तयार ‘ड्रॅमॅटिक’ फिल्टर मला खटकतात ते याच कारणाने. ते मधले करडे उचलून दोन टोकांना ढकलतात. पहिल्या क्षणी डोळे दिपतात, दुसऱ्या नजरेला मात्र काही उरत नाही.

ही छटा कुणी ठरवली, ते विचारा

कृष्णधवल चित्रातली छटा ही जशीच्या तशी नोंद नसते, ती निवड असते. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या यॉसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोम कड्याचं. १० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचा अॅडम्स काचेच्या प्लेटा आणि जड कॅमेरा घेऊन तिथे चढला. शेवटच्या दोन प्लेटा उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली, पण आकाश हवं तितकं गडद येणार नाही असं त्याला वाटलं. शेवटच्या प्लेटसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून निळं आकाश जवळजवळ काळं उतरलं आणि ग्रॅनाइटचा कडा त्यातून पुढे आला. तसं काळं आकाश तिथे उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं नव्हतं. कड्याचा भार मात्र तसाच जाणवत होता, आणि अॅडम्सला तोच दाखवायचा होता.

प्रिंट काढतानाही निवड चालूच असते. अॅडम्सच्याच ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ (१९४१) या चित्राचे सुरुवातीचे आणि नंतरचे प्रिंट शेजारी ठेवून पाहा. आधीच्यांत आकाशात विरळ ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्यांत आकाश काळं होत गेलं आहे. निगेटिव्ह एकच. म्हणून कुठलंही चित्र पाहताना स्वतःला विचारा: हे आकाश दोन टप्पे उजळ असतं तर? खालची सावली उघडली असती तर? मनातल्या मनात असे बदल करून पाहिले की केलेल्या निवडीचं कारण कळायला लागतं. कधी ती चुकली असंही वाटेल. तसं वाटू द्या. मला स्वतःला ‘मूनराइज’चे मधल्या काळातले, ढग थोडे शिल्लक असलेले प्रिंट जास्त आवडतात.

दुसऱ्या स्वभावाचं चित्र शेजारी ठेवा

वेस्टननंतर मारिओ जाकोमेल्ली (१९२५–२०००) पाहा. इटलीतल्या सेनिगालिया गावात त्याचा छापखाना होता आणि आसपासच्या मार्के प्रांतातली नांगरलेली शेतं तो वर्षानुवर्षं टिपत राहिला. त्याने मधले करडे मुद्दाम गाळले. काळ्या सऱ्या आणि पांढरं रान एवढंच उरतं, जमीन ओरखड्यांनी भरलेल्या पाटीसारखी दिसते. कधी तो ओळखीच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरने हव्या तशा रेघा ओढायलाही सांगे. वर मी करड्यांची बाजू घेतली, पण इथे त्यांचा अभाव खरा आहे: राबवून राबवून थकलेली जमीन त्याला दाखवायची होती आणि मऊ छटांनी ती गोड झाली असती. त्याच्या उलट ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केना. जपानमधल्या होक्काइदो बेटाच्या बर्फाची त्याची चित्रं जवळजवळ पूर्ण पांढरी असतात, त्यात कुंपणाची एखादी काळी रेघ. प्रिंट जेमतेम वीस सेंटिमीटरचे चौकोनी, म्हणजे जवळ जावंच लागतं.

एवढं झाल्यावर चित्राखालचं नाव वाचा. वाळू पुन्हा वाळू होते आणि तिच्यामागे वारा, तास, ऋतू उभे राहतात. चित्र फक्त आकार आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आकार आणि जागा या दोहोंत नजर ये-जा करत राहते, तेव्हाच ते पूर्ण दिसतं.

मग स्वतः करून पाहा

फोनचा कॅमेरा ‘मोनो’वर, म्हणजे कृष्णधवलवर ठेवा, म्हणजे टिपण्याआधीच पडद्यावर छटा दिसतील. कोकणात असाल तर जांभ्याची तांबडी माती आणि पावसाळी हिरवं गवत एका चौकटीत घ्या. डोळ्याला टोकाचे वेगळे असलेले हे दोन रंग करड्यात पुष्कळदा एकमेकांत मिसळून जातात. कृष्णधवल रूपांतराच्या एका रूढ सूत्रात हिरव्याला सुमारे ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन असतं. चित्र संपादनाच्या अॅपमध्ये रंगांच्या पट्ट्या सरकवून ही वजनं बदलता येतात. लाल वर नेला की माती उजळते, हिरवा वर नेला की गवत. दोन्ही करून बघा आणि कुठलं का आवडलं ते लिहून ठेवा.

घाटमाथ्यावर असाल तर सह्याद्रीच्या कड्यांतले आडवे थर निवडा. एकावर एक साचलेल्या लाव्ह्याचे हे थर, मधल्या टप्प्यांवर गवत. उन्हाळ्यात वाळलेलं गवत फिकट आणि बेसाल्ट गडद, त्यामुळे पट्टे आयतेच मिळतात. कोकणाकडे तोंड असलेल्या कड्यांवर सकाळी ऊन नसतं. सगळा कडा जवळच्या-जवळच्या करड्यांत असतो. दुपार कलल्यावर तिरपं ऊन आलं की प्रत्येक थराखाली काळी रेघ उमटते. दोन्ही वेळी एकाच जागेवरून, तीच चौकट ठेवून चित्र घ्या. घरी आल्यावर आकाश कापून टाका आणि नुसत्या कड्याची दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वरचीच पेन्सिलीची कसरत करा.