हरणाच्या नाकाशी गाठ आहे: झाडावरच्या स्टँडवर बसताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा धनुष्यबाणाचा हंगाम बहुतेक भागांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो आणि रायफलचा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी. त्याआधी दुकानांत अंगाचा वास घालवणाऱ्या फवाऱ्यांची रांग लागलेली असते. नवखा शिकारी तिथेच खिसा रिकामा करून येतो. एखादी बाटली घ्यायला हरकत नाही, पण व्हाइटटेल हरणाच्या नाकापुढे कुठलाही माणूस बिनवासाचा होत नाही. श्वास चालू आहे, घाम येतोय, कातडीचे कण गळताहेत, तोवर वास राहणारच. तो कुठल्या दिशेला जाईल एवढंच आपल्या हातात असतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

(भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. हे लिहिलंय ते इथे परवाना काढून जाणाऱ्यांसाठी. पण बुद्धपौर्णिमेला ताडोबा-मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढणाऱ्यांनी वाऱ्याचा भाग जरूर वाचावा.)

फोनवरच्या वाऱ्यावर भिस्त ठेवणं

फोन सांगतो, वायव्येचा वारा, ताशी 6 मैल. तो उघड्या माळावरचा वारा झाला. मध्य पेनसिल्व्हेनियात डोंगरांच्या रांगा एकमेकींना समांतर धावतात आणि मधे अरुंद घळी असतात. रांगेच्या आडोशाला तोच वारा गिरकी घेतो, कधी चक्क उलटा फिरतो. वारं मंद असलं, की त्याच्यापेक्षा थंड-गरम हवेची चढउतरच जास्त चालते. इथले शिकारी तिला ‘थर्मल’ म्हणतात.

पहाटे थंड झालेली जड हवा पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि ओढ्याच्या पात्रात साचते. उतारावर ऊन पडलं की तास-दीड तासात ती तापून वर चढायला लागते. संध्याकाळी ऊन सरकलं की पुन्हा खालचा रस्ता धरते. आता नेहमीची चूक बघा. ओकची फळं खायला हरणं संध्याकाळी खाली उतरतात, म्हणून शिकारी त्यांच्या वरच्या अंगाला, उतारावर स्टँड बांधतो. दुपारी सगळं ठीक असतं. पण ज्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी एवढा वेळ बसायचं, नेमका त्याच वेळी सगळा वास खाली हरणांच्या अंगावर उतरतो. मुसळ केरात. संध्याकाळी हरणांपेक्षा खाली बसावं आणि सकाळी ऊन चढल्यावर त्यांच्या वर. वारं जोराचं असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून वाऱ्याचंच ऐकायचं.

हे डोळ्यांनी बघायची सोय रस्त्याकडेला फुकट उगवते. मिल्कवीड हे आपल्या रुईच्या कुळातलंच झाड. बोंड उललं की तशाच रेशमी म्हाताऱ्या उडतात. उलायच्या बेतात असलेलं एखादं बोंड तोडून डबीत ठेवा, पण झाड उपटू नका, मोनार्क फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर जगतात. स्टँडवर बसल्यावर एक म्हातारी सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत नजर तिच्यावर ठेवायची. वीसेक यार्ड सरळ जाते, मग एखाद्या हेमलॉकच्या सदाहरित झाडापाशी एकदम बुडी मारून ओढ्याकडे वळते. तुमचा वासही तिथेच वळतोय. वारा बघायला विकतात ती पावडरची पिचकारी फक्त हातभर अंतरावरचं सांगते, म्हणून ती मला फारशी पटत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने म्हातारी पुन्हा सोडा, कारण हवा दिवसभर एकसारखी राहत नाही.

उंच चढलं की वास चुकतो, हा समज

थोडा चुकतो. 18–20 फुटांवर बसलं तर अगदी बुंध्याजवळ आलेल्या हरणाच्या डोक्यावरून वास निघून जाऊ शकतो. पण पुढे तो जमिनीवर उतरतोच, आणि खालच्या अंगाचं हरीण त्याला सापडतं. वासासाठी म्हणून 30 फुटांवर चढणं म्हणजे पडायची सोय करणं. उंची किती का असेना, पूर्ण अंगाचा हार्नेस (पडण्यापासून वाचवणारे पट्टे) घाला आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोराला अडकलेले राहा.

कपडे घरात टांगणं

आपल्या मराठी घरांची ही खास अडचण. हंगाम ऐन भरात येतो तेव्हाच दिवाळी असते. चकल्यांचा घाणा, हिंग-मोहरीची फोडणी, देवापुढची उदबत्ती, आणि जॅकेट स्वयंपाकघराला लागून असलेल्या कपाटात. नंतर फवारा मारून काही होत नाही. बिनवासाच्या साबणाने धुवा, बाहेर वाळवा आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर गवत कापायच्या यंत्रापासून आणि पेट्रोलच्या कॅनपासून लांब. ड्रायरमध्ये सुवासिक कागद टाकू नका. साध्या साबणातले ‘पांढरा शुभ्र’ करणारे पदार्थही टाळा. त्यांनी कापड निळसर चमकतं, आणि नारिंगी नीट न ओळखणाऱ्या हरणाला निळा रंग चांगला दिसतो.

वास शोषायला कोळशाचं अस्तर असलेल्या महागड्या सूटबद्दल एवढंच सांगतो, की वासाने भरलेला कोळसा पूर्ण मोकळा करायला घरच्या ड्रायरची उष्णता पुरत नाही. वास घालवायला ओझोन वायू सोडणारी यंत्रं तर बंद जागेत वापरूच नका, ओझोन फुप्फुसांना बाधतो.

घामाघूम होऊन पोचणं

जाड जॅकेट घालून अर्धा मैल चढण चढलात, की स्टँडवर पोचेपर्यंत धुतलेल्या कपड्यांचं मातेरं झालेलं असतं. पातळ कपड्यांत, सावकाश जा. जॅकेट पाठीवर बांधा आणि झाडाखाली पोचून अंग निवल्यावर घाला. रबरी बूट पायात घालून गाडीने येऊ नका. पेट्रोल पंपावर सांडलेलं पेट्रोल तळव्याला लागून थेट जंगलात जातं. वाटेत फांद्या हाताने बाजूला सारू नका. ज्या वाटेने हरणं यावीत असं वाटतं ती वाट ओलांडायची नाही, मग लांबचा वळसा पडला तरी चालेल.

बिघाड कुठे झाला ते हरीणच सांगतं

नाक जमिनीला लावून ते एका जागी अडकलं, तर तो तुमच्या पावलांचा वास. बूट आणि यायची वाट बदला. नाक वर करून हवा हुंगत मान वरखाली करतंय, तर हवेतून वास गेलाय. ते कुठे उभं होतं ते लक्षात ठेवा आणि तिकडे म्हातारी सोडून बघा. नाकातून जोराने फुस्कारलं, पाय आपटला, पांढरी शेपटी उभारून पळालं, तर त्या जागेचा त्या दिवसाचा खेळ संपला. पाय आपटताना खुरांमधल्या ग्रंथीचा वासही मातीला लागतो. आणि सरळ वर तुमच्याकडे बघत थबकलं, तर वासाला दोष देऊ नका, बहुधा तुम्ही हललात.

एकाच स्टँडवर रोज बसणाऱ्याला हे सगळं लवकर दिसतं. दोन-तीन जागा हाताशी ठेवा आणि वारा चुकीचा असेल त्या दिवशी आवडती जागा सोडून द्या.

मादीच्या मुताची बाटली

आपला वास झाकायला किंवा नराला ओढायला ती विकतात. झाकत काहीच नाही, हरणाला दोन्ही वास वेगवेगळे येतात. खरं संकट दुसरंच आहे. हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा जीवघेणा रोग ज्या प्रिऑनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो, ते लाळेतून आणि मुतातूनही पसरतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पेनसिल्व्हेनियात हा रोग पहिल्यांदा 2012 साली सापडला. रोगनियंत्रण क्षेत्रांत असली बाटली वापरायलाच काय, जंगलात जवळ बाळगायलाही बंदी आहे. या क्षेत्रांच्या सीमा बदलत राहतात, तेव्हा हंगामापूर्वी गेम कमिशनचा (राज्याच्या वन्यजीव खात्याचा) ताजा नकाशा उघडून आपलं जंगल त्यात येतं का ते बघून घ्या.