बाळाला उताणं कसं झोपवावं

बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला प्रत्येक झोपेला उताणं, म्हणजे पाठीवर झोपवायचं. रात्री, दुपारी, अगदी दहा मिनिटांच्या डुलकीलासुद्धा. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत बाळ घरी आलं की शेजारच्या काकूंपासून मालिशवाल्या मावशींपर्यंत प्रत्येकीचा सल्ला सुरू होतो: पालथं घाल, गॅस निघेल, कुशीवर ठेव, डोकं गोल होईल. माझी दोन आणि नात्यातली, शेजारपाजारची कितीतरी बाळं मी झोपवली आहेत. हे सल्ले मनावर घेऊ नका.

कारण एकदा समजून घ्या, म्हणजे घरात ठामपणे सांगता येईल. कधीकधी धडधाकट तान्ही बाळं झोपेतच अचानक दगावतात, आणि हा धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात सगळ्यात जास्त असतो. पालथं झोपलेलं बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत ओढतं, त्याचं अंग जास्त तापतं आणि श्वास कमी पडला तरी त्याला चटकन जाग येत नाही. ‘पालथं घातलं की कसं गाढ झोपतं बघ’ असं कौतुकाने म्हणतात, पण भीती त्या गाढ झोपेचीच आहे. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कुशीवर ठेवणं हा मधला मार्ग नाही. कुशीवरचं बाळ कधी पालथं होईल, सांगता येत नाही, आणि पाठीशी लावलेली उशी हा नवा धोका.

गादी सपाट आणि घट्ट हवी. चादर ताणून खाली खोचायची. उशी, तक्के, मऊ खेळणी, पांघरायची गोधडी, सगळं बाजूला. जांभळी नाक्याच्या बाजारात छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी मिळते ती जरूर घ्या, ठाण्यात डासांशिवाय रात्र जात नाही. पण तिच्यासोबत येणारी फुगीर गादी आणि छोट्या उशा कपाटात टाका. मोहरीची उशीही नको.

गळ्यातला काळा दोरा काढा. घरात झोपताना टोपडं नको. मे महिन्यात एक सुती झबलं पुरतं. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर कपडे कमी करा. हातपाय गार लागले म्हणून गुंडाळत सुटू नका.

आई-बाबांच्याच खोलीत, पण स्वतंत्र गादीवर किंवा पाळण्यात. वन बीएचकेमध्ये जमिनीवर वेगळी छोटी गादी घातली तरी चालते. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डोळा लागू देणं मात्र फार धोक्याचं. झोळीत अंग दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. तिच्यात झोपवलंच तर लगेच उचलून सपाट जागी ठेवा.

‘दूध नाकातोंडात गेलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला वर चढावं लागेल. बहुतेक वेळा बाळ ते गिळतं किंवा तोंडातून बाहेर टाकतं. पालथ्या बाळात हे उलटं होतं. त्यामुळे पाजल्यावर ढेकर काढा आणि उताणंच ठेवा. उलट्यांचा खरा त्रास असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टर काय सांगतात ते ऐका. अतिदक्षता विभागात अशा बाळांना कधी पालथं ठेवतात, पण तिथे श्वासावर सतत यंत्राची नजर असते. घरी ती नसते.

आता खरी कठीण पायरी. बहुतेक घरं इथेच हार मानतात आणि बाळाला पालथं घालतात. मांडीवर शांत झोपलेलं बाळ पाठीवर टेकवलं की दोन्ही हात फेकून दचकतं आणि रडत उठतं. माझ्या थोरलीने यापायी महिनाभर घर जागवलं. हे दचकणं जन्मजात आहे. डोकं मागे कलतंय असं वाटलं की बाळाचे हात आपोआप उघडतात आणि साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत हे विरत जातं. उताणं झोपणं त्याला आवडत नाही, असा याचा अर्थ नाही. खाली ठेवायची पद्धत सुधारली की बरंचसं निभावतं.

डोळे मिटले की लगेच ठेवू नका. हात उचलून सोडला आणि तो सैल पडला, मूठ उघडली, की झोप लागली समजा. मग वाका, पूर्ण वाका, अगदी तुमची छाती बाळाला टेकेपर्यंत, आणि तसंच त्याला खाली न्या. आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी. डोक्याखालचा हात सावकाश सरकवा, घाईने ओढू नका. त्याचे दोन्ही हात छातीवर जुळवून त्यावर तुमचा तळवा ठेवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. दचकलं तर लगेच उचलायचं नाही. तळवा तिथेच ठेवून तोंडाने ‘श्श’ करत राहायचं. पहिल्या आठवड्यात कंबर दुखेल, पण याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

दुपट्यात गुंडाळलं तर दचकणं कमी होतं. छाती फार आवळू नका, खाली पाय मोकळे हलले पाहिजेत, आणि गुंडाळलेलं बाळ कुशीवर किंवा पालथं कधीही ठेवायचं नाही. वळायची खटपट दिसली की त्याच दिवशी दुपटं बंद.

डोक्याचा आकार सपाट होईल म्हणून घाबरू नका. गादीवर बाळाच्या डोक्याची आणि पायांची बाजू रोज बदला आणि बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांदेखत, दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पोटावर घाला. मान सतत एकाच बाजूला राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. सुट्टी संपून आई पुन्हा लोकल पकडते, बाळ आजीकडे किंवा पाळणाघरात राहतं, आणि तिथे एखाद्या दुपारी कुणीतरी त्याला पालथं झोपवतं. नेहमी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला असं अवचित पालथं घातलं तर धोका आणखी वाढतो. म्हणून कामावर जाण्याआधीच आजी, सांभाळणाऱ्या ताई, पाळणाघर, सगळ्यांना एकत्र किंवा एकेकट्याने, पण नक्की सांगा. आजींना ‘तुमच्या वेळचं चुकीचं’ म्हणू नका. डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा.

बाळ दोन्ही बाजूंना आपलं आपण वळायला लागलं की तुम्ही उताणंच ठेवा, पुढे झोपेत ते पालथं झालं तर रात्रभर उठून सरळ करत बसू नका. गादीवर मात्र तेव्हाही काही ठेवू नका.